एक पाऊल मागे

२ नोव्हेंबर

आजपासून दोन रोजनिश्या. एक प्रदर्शनवाल्या बाईंनी दिलेली, जाड बांधणीची. ती संग्रहालयात काचेखाली उघडी ठेवणार आहेत, म्हणून तिच्यात सुवाच्य अक्षर आणि उदात्त विचार. दुसरी ही, घरची. हिच्यात खरं लिहायचं. कपाटात स्वेटरांखाली ठेवणार आहे, तिथे आमच्या घरात फक्त मीच हात घालतो. (स्वेटर घड्या घालून ठेवते ती ही, म्हणजे आमची बायको, पण ती वाचायच्या भानगडीत पडत नाही.)

गावात फोटोंचं नवीन संग्रहालय होतंय आणि त्याचं पहिलं दालन माझ्या एकट्याला मिळालंय. एकट्याला म्हणजे माझ्या एका फोटोला. ‘आक्रोश’. जुनी गोदामं पाडली त्या दिवशी काढलेला. मागे कोसळणारी भिंत, धुरळ्याचे लोट, पुढे एक तरुण बाई. काखेत गाठोडं, उजवा हात पुढे झेपावलेला, तोंड उघडं, आणि ते डोळे! त्या डोळ्यांवर चार जणांनी प्रबंध लिहिलेत. फोटो शाळेच्या पुस्तकात आहे, पोस्टरांवर आहे, कॅलेंडरवर आहे. एका दातांच्या दवाखान्यातही लावलेला पाहिला होता, पण तिथे हेतू वेगळा असावा.

खाली एकच ओळ असते: ‘बेघर स्त्रीचा आक्रोश’. ओळ माझी. फोटोइतकीच गाजली.

बाईंचं म्हणणं, समोरच्या भिंतीवर नवा फोटो हवा. तीच बाई, तोच कॅमेरा, तोच फोटोग्राफर, तीस वर्षांनी. मी म्हटलं, कल्पना थोर आहे, पण ती बाई गर्दीत कायमची नाहीशी झाली. मुलाखतीत मी हे वाक्य जरा थांबून म्हणतो. खरं सांगायचं तर ती नाहीशीच बरी. इतिहासातली माणसं इतिहासातच शोभतात, बाहेर आली की चहा मागतात.

५ नोव्हेंबर

बाईंना नुसता फोटो पुरत नाही, निगेटिव्हची अख्खी पट्टी हवी. नेऊन दिली. ‘आक्रोश’च्या पुढची चौकट म्हणजे नुसतं आभाळ आणि कोपऱ्यात बुटाचं टोक. बाईंनी भिंग लावलं आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“सर, हा बूट कोणाचा?”

“सत्तेचा,” मी म्हटलं.

त्यांनी लगेच लिहून घेतलं. म्हणाल्या, ही चौकटही मोठी करून लावू. या शिकलेल्या लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही, ते आपणहून फांदी धरतात.

घरी येऊन हिला पट्टीची नक्कल दाखवली. ही चष्मा पुसून बघत बसली आणि म्हणाली, “अहो, बुटाच्या नाडीच्या जागी ही सुतळी मीच ओवून दिली होती. त्या आठवड्यात तुमची नाडी तुटली होती.”

मी तिला बजावलं की हे बाईंसमोर बोलायचं नाही. बुटाचं काय, त्या गर्दीत कोणाचाही असेल, आणि सुतळी काय एकाच घरात असते?

६ नोव्हेंबर

वर्तमानपत्राचा पोरगेला वार्ताहर मुलाखतीला आला होता. मी डावा पाय ओढत चालतो, त्याचं विचारलं. सांगितलं, ‘आक्रोश’च्या दिवशीच गेला. जमाव उसळला, मला रेटलं, घोडदळाच्या टापांखाली सापडता सापडता वाचलो. तो गेल्यावर ही कप उचलताना म्हणाली, “घोडे यंदा आले. मागच्या मुलाखतीत नुसती गर्दी होती.”

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. मला नीट आठवत नाही. बटण दाबलं, आभाळ दिसलं, मग दवाखाना. पाय प्लास्टरमध्ये, कॅमेरा छातीवर आणि पायाला घट्ट बांधलेलं लालसर मखमली फडकं. कोणी बांधलं, देव जाणे. ते फडकं मी जपून ठेवलंय. कॅमेऱ्याच्या बॅगेत असतं, भिंगं पुसायला बरं पडतं. बाईंनी त्याचीही मागणी केली आहे. खाली लिहिणार आहेत: ‘विस्थापितांच्या घरातला शेवटचा धागा’. ही ओळही माझीच.

९ नोव्हेंबर

मेलो.

ती सापडली. म्हणजे आपणहून आली. संग्रहालयाच्या खिडक्यांना पडदे करायचेत, त्याचं माप घ्यायला जी बाई आली ती दारातल्या ‘आक्रोश’च्या फलकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर मी!” प्रदर्शनवाल्या बाईंनी मला रडत रडत फोन केला, आनंदाने. मी म्हटलं, अशा दहा जणी येतील, प्रत्येकीला फोटोत यायचं असतं.

“नाही सर, मी त्यांना तोंड उघडायला लावलं. त्याच आहेत.”

११ नोव्हेंबर

भेट झाली. हीसुद्धा बरोबर आली, नको म्हटलं तरी.

माझ्या मनात ती अजून तशीच होती, काटकुळी, धुळीने माखलेली. समोर आली ती चांगली भरलेली, गळ्यात मापाची टेप, कानाला फोन. पडद्यांची दोन दुकानं आहेत म्हणे. मी नमस्कारासाठी हात जोडतोय, तोच तिने पहिलं वाक्य टाकलं, “काका, पाय कसा आहे?”

मला भरून आलं. माझ्या पायाची कीर्ती किती दूरवर पोचली आहे!

मग तिने जे सुरू केलं ते ऐकून प्रदर्शनवाल्या बाईंची लेखणीच थांबली. ती बेघर नव्हती. तिचं घर गोदामांपासून तीन गल्ल्या पलीकडे होतं, आजही आहे, वर एक मजला चढवलाय. गाठोड्यात तिचा फुटका संसार नव्हता, समोरच्या कचेरीचे शिवलेले पडदे होते. ती ते पोचवायला निघाली होती.

“दुसऱ्या दिवशी पेपरात मी बेघर,” ती म्हणाली. “माझं लग्न ठरत आलं होतं, काका. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की घर नाही हे आमच्यापासून लपवलंत. दोन वर्षं लागली त्यांना समजवायला. गिऱ्हाईकं म्हणायची, जिच्या खिडक्याच पडल्या ती आमच्या खिडक्यांना काय शिवणार? कोणी जुने कपडे आणून द्यायचं. पुढे लेकीच्या पुस्तकात धडा आला, ‘बेघर’, त्यावर माझा फोटो. मास्तरांनी सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि मुलांनी आपापले डबे तिच्यापुढे ठेवले. घरी येऊन ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, आई, आपण गरीब आहोत हे तू मला सांगितलं का नाहीस?”

तर तिची अट अशी: ती ओळ काढायची. मग ती संमतीपत्रावर सही करेल, नव्या फोटोलाही उभी राहील. नाहीतर सही नाही. आणि संग्रहालयाचा नियम असा की सहीशिवाय दालन नाही.

मी समजावलं की ओळ म्हणजे फोटोचा आत्मा. त्या आक्रोशावर जग रडलंय, आता जगाला काय सांगायचं, की पडदे होते?

“मी का ओरडत होते, हे तुम्ही कधी विचारलंत का मला?”

“कलावंत विचारत नसतो,” मी म्हटलं, “तो बघतो.”

तेवढ्यात आमची ही मधे बोलली, “का ओरडत होतात हो?”

माझ्या पायात त्याच क्षणी कळ आली. उठलो आणि रिक्षा बोलावली.

१२ नोव्हेंबर

दिवसभर कुठे गेलो नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तर काही खाल्लेलंही नाही. तरी आत काहीतरी टोचतंय.

मी ‘आक्रोश’नंतर हजारो फोटो काढले. लग्नं, बारशी, शाळांचे गट, ओळखपत्रं. त्यातला एकही कोणाला आठवत नाही, मलाही नाही. माझ्या नावावर जगात एकच गोष्ट आहे आणि ती एका परक्या बाईच्या चेहऱ्यावर आहे. ते दुःख नसेल, तर मग मी नुसता एक लग्नाचे फोटो काढणारा लंगडा माणूस. भीती वाटते, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

ही सकाळी उठून त्या बाईच्या दुकानात गेली. म्हणे, पडदे बघायला. आमचे पडदे चांगले आहेत, गेल्या वर्षीच धुतलेत. दुपारी आली ती रिकाम्या हाताने. नापास झालेल्या मुलाकडे आई बघते तशी माझ्याकडे बघत बसली. जेवताना दोनदा म्हणाली, “बिचारी.” कोण, ते विचारलं नाही.

शिवाय बॅगेत माझं मखमली फडकं नाही. हिला विचारलं तर म्हणाली, धुवायला टाकलंय. तीस वर्षांत कधी धुतलं नाही ते नेमकं प्रदर्शनाच्या तोंडावर! ऐतिहासिक धूळ जाईल त्याची.

१७ नोव्हेंबर

तोडगा निघाला, आणि तो मीच काढला. मी पडदेवाल्या बाईला प्रदर्शनवाल्या बाईंसमोर सांगितलं: चेहरा खोटं बोलत नाही. नवा फोटो काढतो. मी तुम्हाला दुःखाची जाणीव करून देईन आणि तुमच्या चेहऱ्यावर तोच भाव आणून दाखवीन. आला, तर मूळचा भाव दुःखाचाच होता हे सिद्ध, ओळ राहील आणि तुम्ही सही कराल. नाही आला, तर ओळ काढतो.

ती हसत सुटली. “कबूल! रडवून दाखवा मला.”

“आणि शब्द फिरवायचा नाही,” ही म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही. माझ्याकडे बघत होती.

तीस वर्षं हजारो रुसलेल्या नवऱ्यामुलांना हसवलंय मी. एका बाईला दुःखी करणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

१९ नोव्हेंबर

उद्याची तयारी. जुना कॅमेरा काढला, रोल भरला. माझी पद्धत इथे नोंदवून ठेवतो, कारण काचेखालच्या वहीत ती फार साधी वाटेल. ‘एक पाऊल मागे, मग बटण.’ भिंगाला डोळा लावायचा, चौकट ठरवायची आणि मग दाबण्याआधी एक पाऊल मागे घ्यायचं. त्या एका पावलाने माणसाभोवती जग येतं. विद्यार्थ्यांना हेच शिकवलं. अट एकच, मागे काय आहे ते बघायला वळायचं नाही. वळलात की क्षण गेला.

पाय गेल्यापासून ही माझ्यामागे चालते. एका हातात दिव्याची छत्री, दुसऱ्या हाताने माझा कमरेचा पट्टा धरलेला. लग्नाच्या मांडवातून, जिन्यांवरून, नदीच्या घाटांवरून आम्ही असेच हिंडलो. पोरं तिला ‘सरांचा हँडब्रेक’ म्हणायची. तिचा हात कधी सुटला नाही. गोदामांच्या दिवशी मात्र ती बरोबर नव्हती.

२० नोव्हेंबर

(दवाखान्यातून, हिच्या हातून लिहून घेतोय. वही कपाटातून हिनेच आणली. कुठे असते ते कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, स्वेटर काढताना हाताला लागली.)

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात उभं केलं तिला. मागे अर्धवट भिंत, काखेत गाठोडं. बघायला प्रदर्शनवाल्या बाई, वार्ताहर आणि गवंडीकाम थांबवून चार-पाच मजूर. माझ्यामागे हँडब्रेक, आणि त्याच्याही मागे काय ते मी पद्धतीप्रमाणे बघितलं नाही.

“डोळे मिटा,” मी सांगितलं. “समजा, तुमचं घर पडलं.”

“विमा आहे, काका.”

“समजा, एखादं जवळचं माणूस दुरावलं.”

“आमचे हे ना? सकाळीच भांडून गेलेत. संध्याकाळी येतील.”

मजूर हसले. मी आवाज चढवला. अनाथपणाबद्दल बोललो, माणसाच्या एकाकीपणाबद्दल बोललो, बोलता बोलता मलाच हुंदका आला. तिने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं जमलं. बघतो तर ती हसू दाबत होती. पालथ्या घड्यावर पाणी. वार्ताहराने घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे माझं दालन रिकामं होताना दिसलं.

तरी म्हटलं, शेवटचा एक काढतो. कॅमेरा डोळ्याला लावला. मागून हिचा आवाज आला, “अजून एक पाऊल घ्या. भिंत पुरती येत नाहीये.” इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा फोटोतलं काही सांगितलं. मी घेतलं. आणि हिचा हात निसटला.

चौकटीत चेहरा उमटला. तोच! गाठोडं काखेत, हात पुढे झेपावलेला, तोंड उघडं, आणि ते डोळे. मी बटण दाबलं. मग आभाळ.

मागे कारंज्याचा हौद होता. बांधकाम चालू, तळाशी वीतभर पाणी. आता उजवा पाय.

२२ नोव्हेंबर

प्रदर्शनवाल्या बाई फोटोची प्रत घेऊन आल्या, मागोमाग पडदेवाल्या बाईही. दोन्ही फोटो पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. तीस वर्षं आणि थोडं वजन सोडलं तर फरक नाही. तसूभर नाही.

“जिंकलो,” मी म्हटलं.

प्रदर्शनवाल्या बाई खाली बघायला लागल्या. वार्ताहराने सगळं फोनवर टिपलंय, आवाजासकट. आवाज काय? तर, “अहो, मागे! अहो, मागे खड्डा आहे!”

“चेहरा तोच आला, काका, खरं आहे,” पडदेवाल्या बाई म्हणाल्या. “ओरडलेही तेच होते मी. तेव्हाही.”

मी पहिल्यांदाच तिला विचारलं, “मग काय झालं?”

तिने सांगितलं. मी भिंगाला डोळा लावून मागे मागे जात होतो, पाठीशी नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेला मोठा खड्डा. ती धावली, हात पुढे केला, पोचली नाही. खाली उतरून तिने एक पडदा फाडून माझ्या पायाला बांधला, दोन हमालांना हाक मारली, हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं. वाटभर मी कॅमेरा सोडला नाही आणि सारखं एकच विचारत होतो, “आला का? आला का?” ती म्हणाली, “मला वाटलं, कोणी नातेवाईक यायचे असतील. मी आपली म्हणत राहिले, येतील हो, येतील.”

कचेरीने पडद्यांचं ते गाठोडं परत पाठवलं, एक कमी होता म्हणून.

“परवासुद्धा हौदात बसून हेच विचारलंत,” ही म्हणाली आणि पिशवीतून माझं फडकं काढून उशीवर ठेवलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. फाटक्या बाजूला नवी शिवण घातलेली, मूळच्या शिवणीसारखीच. काखेत कळसा म्हणतात तो हा. माझा तर बॅगेत होता.

२३ नोव्हेंबर

आज रडलो. नर्सला वाटलं पाय दुखतोय.

जगाला वाटलं, ती नशिबाकडे बघून ओरडतेय. सरकारकडे, देवाकडे, इतिहासाकडे. चार प्रबंध! आणि ती बघत होती माझ्याकडे. बुटाला सुतळी बांधलेल्या एका अनोळखी येड्याकडे, जो आता पडणार होता. त्या डोळ्यांत जे आहे ते सगळं माझ्यासाठी होतं, आणि मी तीस वर्षं ते दुसऱ्यांना वाटत फिरलो. तिच्या लेकीपुढे डबे ठेवले गेले ते माझ्यामुळे. मला लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत जरा बरं वाटलं. जगातल्या कोणत्या थोर फोटोग्राफरकडे त्याच्या थोर फोटोतल्या माणसाने इतक्या काळजीने बघितलंय? सांगा एक नाव. हा मुद्दा उद्घाटनाच्या भाषणात घ्यावा.

२७ नोव्हेंबर

घरी. ओळ बदलायची म्हणून प्रदर्शनवाल्या बाई आल्या. त्यांची सूचना: ‘करुणेची दोन आवर्तनं’. पडदेवाल्या बाई म्हणाल्या, साधं लिहा, लेकीला कळेल असं. शेवटी तिनेच सांगितलं आणि मी माझ्या अक्षरात लिहून दिलं:

‘पडदे शिवणारी तरुणी, फोटोग्राफरला खड्ड्यात पडताना बघून.’

दुसऱ्या फोटोखाली: ‘तीच, पुन्हा.’

तिने सही केली. मग आभाळाची चौकट उरली. बाईंनी ‘सत्तेचा’ शब्द खोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, लिहा, ‘बूट: फोटोग्राफरचा. सुतळी: त्याच्या पत्नीची.’ ही स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

सगळे गेल्यावर हिला विचारलं, “अगं, एवढ्या वर्षांत तुझा हात कधी सुटला नाही. नेमका त्याच दिवशी कसा निसटला?”

“घाम आला होता हाताला,” ही म्हणाली आणि माझ्या पायाखाली उशी नीट केली.

भर थंडीत, स्वेटर घालून, घाम! वय झालं बिचारीचं. आता तिला जपायला हवं, जरा माझ्या आधाराने चालायला शिकवलं पाहिजे.